कोऱ्या पाण्यातला उजेड

रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या अंगाला एक खोली होती. पूर्वी तिथं मोडकी बाकं टाकत. पुढे कुणीतरी खिडकीला काळा कागद चिकटवला, दाराला काळा पडदा लावला आणि टेबलावर एक जांभळा दिवा आणून ठेवला. बाहेर डोंगरावरून उतरणारं दुपारचं ऊन असायचं. पडदा सोडला की आत ना दिवस राहायचा ना रात्र, तिसरंच काहीतरी सुरू व्हायचं. डोळे सरावेपर्यंत गप्प उभं राहायचं. मग एकेक वस्तू आपल्या मर्जीनं उजळायची. माझी नखं. सरांचे दात. सरांच्या सदऱ्याची कॉलर तर निळीपांढरी पेटायची, कारण त्यांच्या घरी कपडे शुभ्र करायची पावडर वापरत. महागाच्या कागदाची वही चमकायची. माझ्या पिशवीतली पत्रकं मात्र काळीच राहायची. स्वस्त कागद होता तो.

"तुमची पत्रकं काही उजेड पाडत नाहीत," सर एकदा म्हणाले.

"त्यांना दिवसाचा उजेड पुरतो, सर," मी म्हणाले.

सर हसले नाहीत, पण त्यांचे दात दिसले, म्हणजे हसले असावेत. त्या खोलीत असंच समजून घ्यावं लागे.

मी त्यांच्या हाताखाली एम.एस्सी.चा प्रकल्प करत होते. सरांचा विषय होता अमाइन. नायट्रोजन असलेले छोटे रेणू. शिळ्या माशाला जो वास येतो तो त्यांचाच. कापडाचे रंग बनवणाऱ्या कारखान्यातही ते कच्चा माल म्हणून येतात. काही निरुपद्रवी, काही जहरी, आणि पाण्यात थोडे असले तर डोळ्याला, जिभेला काही कळत नाही. ते दिसावेत म्हणून सरांनी परदेशातून एक पूड मागवली होती, करंगळीएवढ्या कुपीत. ती एकटी असताना जांभळ्या दिव्याखालीही अंधारीच राहते. अमाइनला जाऊन धरलं की निळसर हिरवी उजळते. एवढंच तिचं काम.

सुरुवातीला आम्ही घरचंच खाणं तपासलं. मी शहागंजातून सुके बोंबील आणले, तर काचेच्या पट्टीवरचा त्यांचा ठिपका असा भडकला की सर एक पाऊल मागं सरले. माझी ज्वारीची शिळी भाकरी मंद उजळली. सरांच्या डब्यातलं ताकही उजळलं, तेव्हा ते जरा खट्टू झाले.

मला ती खोली आवडायची. बाहेर सगळा काळ पेटलेला होता. विद्यापीठाचं नाव बदलावं म्हणून वर्षानुवर्षं मोर्चे निघत होते, ते बदलू नये म्हणूनही निघत होते. मी शाळेत असताना खेड्यांतून आमच्या लोकांची घरं जळाली, आणि वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलायच्या थांबल्या. तेव्हापासून माझं खरं वाचन घरात झालं, पत्रकांवर. माझे वडील, त्यांना मी दादा म्हणते, पैठण रोडवरच्या एका कारखान्यात कामाला होते. शिफ्ट सुटली की घरी पत्रकांच्या घड्या घालत बसायचे. मी जोडाक्षरं शिकले ती 'नामांतर' आणि 'स्वाभिमान' या शब्दांवर. चुलीवर भाजी शिजायच्या आधी खळ शिजायची. गव्हाच्या पिठाची खळ, पोस्टर चिकटवायला. चार दिवसांनी ती आंबायची, पण दादा टाकू देत नसत. आंबलेली जास्त चिकटते म्हणायचे. तिचा आंबूस वास मला अजून झोपेत येतो आणि झोपेतच मी घरी पोचते.

तर एका दुपारी दादांनी आक्काची गोष्ट आणली.

आक्का मेंढपाळ. चितेगावच्या पलीकडे माळावर त्यांची दोन-चार घरं होती, आणि माळावरच एक जुनी बांधीव विहीर. दादा कारखान्यात जाता-येता तिथं सायकल टेकवून पाणी प्यायचे. तिच्या मेंढ्या गाभ टाकत होत्या. एक झाली, दुसरी झाली, मग लागोपाठ. जवळून नाला वाहायचा, आणि वर रंगाचा एक कारखाना नवा उभा राहिला होता.

मी दादांच्या मागं सायकलवर बसून गेले. माळ ओलांडताना मला कळप दिसला आणि मी दादांना थांबायला सांगितलं. मेंढ्या काळ्या होत्या, पण गुडघ्याखाली त्यांचे पाय गुलाबी. सगळ्यांचे. कुणी रांगोळीत चालवून आणल्यासारख्या त्या उन्हातून हळूहळू येत होत्या, आणि त्यांच्या पायांखालची धूळसुद्धा मला गुलाबी वाटली. इतकं सुंदर काही मी फार कमी वेळा पाहिलंय. ते कशामुळं, हे मला कळत होतं. तरी सुंदर वाटलं, याचा मला राग आला.

"सोमवारी निळे अस्त्यात," आक्का म्हणाली. "आज गुलाबी. लगीनघर झालंय माझं."

मग तिनं विहिरीकडं बोट केलं. "पोरी, तुजा बाप म्हंतो तू पान्यातलं जहर बघतीस. ह्या हिरीचं पानी जहरी हाय का नाय, तेवढं सांग. मेंढ्यांचं जाऊ दे. माझी सून आठव्या म्हैन्यात हाय."

सून दारात बसून लोकर विंचरत होती. तिनं वर पाहिलं नाही.

निघताना मी पाणी मागितलं. आक्कानं तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत ओतलं. मुद्दाम नव्हे, हात सवयीनंच उंच गेला. मी प्याले. पण त्या ओंजळीची ओल मला घरापर्यंत जाणवत होती.

बाटल्या मी विहिरीच्या भरल्या, नाल्याच्या भरल्या. घरी आल्यावर नेहमीच्या सवयीनं खळीच्या डब्यात बोट बुडवलं, कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या, 'विहीर', 'नाला'. एका बाटलीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी होतं, तिच्यावरही चिठ्ठी लावली, 'कोरं'. त्याच बोटांनी बुचं घट्ट बसवली.

पाणी थोडं आम्ल घालून आटवायचं, म्हणजे अमाइन वाफेबरोबर उडून जात नाहीत. मग त्याचा ठिपका सिलिकाचा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर ठेवायचा आणि वरून पूड विरघळवलेल्या द्रवाचा फवारा मारायचा. मला घाई होती. मी पहिल्या पट्टीवर दोनच ठिपके ठेवले, विहिरीचा आणि नाल्याचा. पडदा सोडला. दोन्ही उजळले. विहिरीचा जरा मंद, पण उजळला. अंधारात दोन हिरवे डोळे माझ्याकडं बघत होते, आणि मला वाटलं, इतकी वर्षं पत्रकांत 'अन्याय' लिहिलं, आज तो दिसतोय.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. दादांना म्हणाले, आक्काला निरोप द्या, विहिरीचं पिऊ नका.

पत्रक छापायला दिलं गुलमंडीमागच्या बोळात. तिथल्या छापखान्याच्या चाचांनी आमच्या दोन पिढ्यांच्या पत्रकांचे शिशाचे खिळे जुळवले होते. चष्मा कपाळावर, तोंडात पान, आणि प्रत्येक मजकुरावर स्वतःचं मत.

"बेटी," चाचा म्हणाले, "मेरे पास उद्गारचिन्हं कुल पाच हैं. तू तीन तो एकीच जहर को लगा दी. बाकी जहर क्या करेंगे?"

"चाचा, सध्या एकच जहर आहे."

"तो एक निशान बस है उसको. इत्ता डराती क्यूं?"

मी ऐकलं नाही. तीनही लावायला लावली. बिडकीनच्या बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटायची ठरली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना पट्टी दाखवली. अभिमानानं दाखवली. सर बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "कोऱ्या पाण्याचा ठिपका कुठाय?"

"कोऱ्या पाण्यात काय बघायचं, सर? ते कोरं आहे."

"कोरं आहे असं कोण म्हणतं? तुम्ही, की दिवा?"

मला ते टोचलं. पण त्यांच्यासमोरच नवी पट्टी केली, तीन ठिपक्यांची. पडदा सोडला. जांभळ्या अंधारात तीन ठिपके एकामागोमाग वर आले, तळ्याच्या बुडातून वर यावेत तसे. कोरं पाणीही उजळलं होतं. विहिरीइतकंच.

सर म्हणाले, "पाण्याला हात लागला असणार."

ते अगदी साधेपणानं म्हणाले. आज मला ते माहीत आहे. पण आमच्या घरात हात आणि पाणी हे दोन शब्द कधी साधेपणानं एकत्र आलेले नाहीत. माझ्या आजोबांचा हात लागला म्हणून एका गावानं आड उपसला होता. ही गोष्ट मी पत्रकांच्याही आधी ऐकलेली.

"कुणाचा हात, सर?" मी विचारलं. "माझा?"

"म्हणजे, हाताळताना..."

"माझ्या हातानं पाणी बाटलं म्हणता? सरळ म्हणा की. विभागात आणखी कोण कोण म्हणतं तेही सांगा. का कारखानेवाल्यांना वाचवायचंय तुम्हाला?"

त्या खोलीत चेहरा दिसत नसे. फक्त कॉलर, दात, नखं. कॉलर बराच वेळ हलली नाही. सरांचं आडनाव काय ते सगळ्यांना माहीत होतं, माझंही. नामांतराबद्दल ते एक शब्द बोलले नव्हते, कधीच, आणि त्यांच्या त्या न बोलण्याचा मी हवा तसा अर्थ लावला होता.

मग त्यांनी एक कोरी पट्टी घेतली. स्वतःचा अंगठा तिच्यावर दाबला. जोरात, कचेरीत कागदावर दाबायला लावतात तसा. पट्टी माझ्याकडं सरकवली. "शेजारी तुमचा लावा."

मी लावला. त्यांनी फवारा मारला.

काय सांगू. पट्टीवर दोन शेतं उगवली. बारीक बारीक सऱ्या, वळणावळणानं आत जाणाऱ्या, निळसर हिरव्या, ओल्या चांदण्यासारख्या. माणसाच्या घामात अमाइन असतातच. हे पुस्तकात मी वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. तरी त्या क्षणी मला ते पहिल्यांदा कळलं. एक ठसा मोठा, एक लहान. रंग तोच. एवढंही नाही, तर मंद होत जायची चालही तीच.

"माझ्या हातानंही बाटतं," सर म्हणाले. "म्हणून आपण पट्टी कडेनं धरतो. मी हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. चूक माझी."

मी पट्टीवर वाकले. माझ्या ठशाकडं बघत राहिले, म्हणून मला दिसलं. त्याच्या कडेला एक जाडसर डाग होता, सऱ्या नसलेला, बोंबलासारखा भडकलेला. मी अंगठा नाकाशी नेला. आंबूस वास. घरचा वास.

खळ. नखाच्या आत राहिलेली.

आम्ही बाटलीवरची चिठ्ठी सोलली, मागचा थर पट्टीवर घासला, फवारा मारला. तो ठिपका पाहून आम्ही दोघं एकदमच हसलो. नाइलाजानं. आंबलेल्या पिठात अमाइन नसतील तर कशात असतील? मी विहिरीत, नाल्यात आणि कोऱ्या पाण्यात एकाच बोटानं आमची चळवळ मिसळली होती. आटवल्यावर ती आणखी दाट झाली.

दादांना हे कसं सांगायचं, याची मला भीती होती. शिफ्टवरून आले, पाय धुतले, तेव्हा सांगितलं. ते रागावले नाहीत. टॉवेल खांद्यावर टाकून उभे राहिले.

"चाचांकडचं थांबव," म्हणाले.

"दादा, नाला तर जहरी असणारच. कारखाना काही निर्दोष नाही. एवढी एक ओळ..."

"एवढी एकच ओळ लागती त्यांना. इतकी वर्षं भिंती रंगवतोय आपण. समोरचा काय करतोय? आपलं एक वाक्य खोटं कधी निघतंय, तेवढी वाट बघतोय. तू ते त्याच्या हातात आणून देणार?"

मग ते खाटेवर बसले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाले, "पण मी सांगून आलोय तिला. हिरीचं बंद केलंय त्यांनी."

"मग काय पितात?"

"नाल्याच्या काठाला झिरा उकरलाय. वाळूतून गाळून येतं, दिसायला नितळ हाय."

मला सून दिसली, लोकर विंचरणारी, वर न बघणारी. ती माझ्या एका शब्दावर विहीर सोडून नाल्याशी वाकली होती.

दादा तसेच उठले. सायकलला दोन्ही बाजूंना कॅन अडकवले आणि आपल्या कारखान्याच्या नळाचं पाणी भरून माळावर गेले. निरोप एवढाच, की झिऱ्याचं घेऊ नका, पोरगी परत बघतीय. दुसऱ्या दिवशीही तसेच गेले. त्या पहाटे मी त्यांच्यासोबत जाऊन नवे नमुने आणले. बाटल्या उकळून, बुचं उकळून, चिमट्यानं बसवून. चिठ्ठ्या नाहीत. काचेवर मेणाच्या पेन्सिलीनं आकडे. हात कोपरापर्यंत धुतले, आणि धुताना मनात आलं की आमच्या लोकांना पाण्यापासून लांब ठेवणाऱ्या कुणीही इतक्या वेळा हात धुतले नसतील. नंतर तो विचारही बाजूला ठेवला, कारण त्या रागात तपासणीत चूक होईल असं वाटलं.

सर आणि मी पडद्याआड उभे राहिलो. चार ठिपके. बाहेर विद्यापीठाच्या रस्त्यावरून मोर्चा चालला होता, घोषणांचा आवाज भिंतीतून लाटेसारखा यायचा, ओसरायचा. मी एरवी तिथं असते. डोळे सरावले. कोरं पाणी अंधारात राहिलं. विहीर अंधारात राहिली. नाला उजळला, खूप. झिरा उजळला, मंद, पण स्पष्ट.

"पुन्हा एकदा," सर म्हणाले.

पुन्हा केलं. तेच.

मी विहिरीच्या काळ्या ठिपक्याकडं बघत होते आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अंधारासाठी आपण कधी रडू असं मला वाटलं नव्हतं.

पत्रकाचं काय झालं ते इथंच सांगून टाकते. चाचांनी जुळवलेला फर्मा सोडला, खिळे खणात परत टाकले, छापलेले गठ्ठे मशीनखाली रद्दी म्हणून गेले. नव्या पत्रकात मी लिहिलं की नाल्यात अमाइन सापडले, विहिरीत सापडले नाहीत, कसं तपासलं आणि आधी माझ्या हातून काय चूक झाली होती. चाचांनी दोनदा वाचलं. "इस बार एक भी निशान नहीं?" म्हणाले. "नको, चाचा." त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "अब डर लगा," म्हणाले.

पण माळावर मी त्याच्या आधी गेले, पट्ट्या वाळल्या त्याच दुपारी. आक्का विहिरीच्या काठावर बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं, की आधी सांगितलं ते चुकीचं होतं. चूक माझी. विहिरीचं प्या. नाल्याचं आणि झिऱ्याचं तोंडी लावू नका, मेंढ्यांनाही त्यात उतरू देऊ नका.

"मंग आधी का तसं म्हनलीस?"

"माझ्या बोटाला खळ होती."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की ही पोर शिकून वाया गेली.

"आता नक्की? हिरीत काय बी नाय?"

मला खोटी खात्री द्यायची नव्हती. "माझ्या दिव्याला दिसेल असं काही नाही. दर महिन्याला येऊन बघीन."

"लई मोजून बोलाय लागलीस." ती उठली. दोर सोडला. बादली खाली गेली, बराच वेळ गेली, आणि खोलवरून पाण्याचा आवाज आला. तिनं तांब्या भरला. मी सवयीनं ओंजळ पुढं केली.

"नाय. आसं नाय," ती म्हणाली. तांब्याच माझ्यापुढं धरला. "मला नीट बघू दे पेतीस का नाय ते. तोंड लावून पी. भरपूर पी."

मी तांब्या दोन्ही हातांनी धरला, ओठ लावले आणि प्याले. पाणी गार होतं, दगडाच्या चवीचं. आक्का माझ्या गळ्याकडं एकटक बघत होती, प्रत्येक घोट मोजत असल्यासारखी. अर्धा तांब्या संपल्यावर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. काठावर माझ्या ओठांची ओल होती. ती तिला दिसली, हे मला दिसलं. धुवायला हाताशी भरलेली बादली होती.

माळावर मेंढ्या फिरत होत्या. त्या दिवशी पाय निळे होते.

आक्कानं सुनेला हाक मारली आणि उरलेला तांब्या तसाच तिच्या हातात दिला. तिनं पहिल्यांदाच वर बघितलं, माझ्याकडं, आणि मग ती डोळे मिटून पाणी प्यायली.